तुटलेल्या धाग्यापासून सुरू झालेली गोष्ट

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत 'लीन'चा, म्हणजे वाया जाणारा माल, वेळ आणि श्रम कमी करत काम सुधारत नेण्याच्या पद्धतीचा, विषय काढला की यंत्रमागधारक म्हणतात, "ते मोटारीच्या कारखान्यांचं. आमच्या टॉवेलला त्याचा काय उपयोग?" हे ऐकलं की मला राहवत नाही. ही विचारपद्धती मागावरच जन्मली आहे.

साकिची टोयोडा हा १८६७ साली जन्मलेला, सुताराचा मुलगा. घरी आई हातमागावर विणायची. तिचे कष्ट पाहून त्याने माग सुधारायला घेतला आणि पुढची तीसेक वर्षं तेच केलं. १९२४ साली त्याचा जी-प्रकारचा स्वयंचलित माग तयार झाला. धावत्या मागात धोटा, म्हणजे आडवं सूत नेणारी नळी, आपोआप बदलायचा आणि धागा तुटला की माग आपणहून थांबायचा.

या थांबण्याचं मोल सोलापूरकराला वेगळं सांगायला नको. बीमवरचं, म्हणजे सूत गुंडाळलेल्या रुळावरचं, एक उभं सूत तुटलं आणि कोणाचं लक्ष गेलं नाही, तर माग खटखट चालूच राहतो आणि टॉवेलभर रेघ उमटत जाते. ती दिसते थेट शिलाईला बसलेल्या बाईला. तोवर सूत, वीज, मजुरी सगळं खर्ची पडलेलं असतं आणि माल 'सेकंड'मध्ये, म्हणजे दुय्यम दर्जात, जातो. साकिचीच्या मागाने चूक जिथल्या तिथे पकडली. शिवाय मागासमोर नुसतं पहारा देत उभं राहण्याची गरज संपल्याने एक कामगार अनेक माग सांभाळू लागला. १९२९ साली इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सने या मागाचे हक्क विकत घेतले. ज्यांची यंत्रं आपल्याकडच्या गिरण्यांत चालत, त्याच या कंपनीने.

साकिचीचा मुलगा किइचिरो मोटारींकडे वळला आणि १९३७ साली टोयोटा मोटर उभी राहिली. पुढे टोयोटाची उत्पादनपद्धती घडवणारा ताइइची ओनो १९३२ साली नोकरीला लागला तो टोयोडांच्या कापड गिरणीत. मोटार कारखान्यात तो १९४३ साली आला. तिथे एका माणसाकडे एकच यंत्र पाहून त्याला गिरणी आठवली असणार. १९४७ पासून त्याने यंत्रांची मांडणी बदलून एकाकडे दोन, मग तीन-चार यंत्रं दिली. १९५० साली टोयोटा दिवाळखोरीच्या काठावर होती. कामगारकपात झाली, संप झाला, किइचिरोने राजीनामा दिला. लागेल तेवढंच, लागेल तेव्हाच बनवायचं हा दंडक अशा तंगीत पक्का झाला. त्याच वर्षी अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ डेमिंग जपानमध्ये गुणवत्तेवर व्याख्यानं देत होते, आणि १९५१ साली टोयोटाने कामगारांकडून सुधारणेच्या सूचना मागवायला सुरुवात केली. मला हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण शिकणं इथे साहेबाच्या केबिनमधून यंत्रापाशी आलं. 'लीन' हे नाव मात्र बरंच उशिरा, १९८८ साली जॉन क्राफ्चिक या अमेरिकी संशोधकाने दिलं.

सोलापुरात 'जुनी गिरणी' म्हणून ओळखली जाणारी कापड गिरणी १८७७ साली सुरू झाली. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली कुटुंबांनी हातमाग आणि पुढे यंत्रमाग घरोघरी नेले. सोलापुरी चादरीला आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन मिळालं, ते या हातांच्या जोरावर. शिकणं आपल्याकडे कधीच कमी नव्हतं. पोरगं बापाशेजारी उभं राहून गाठ मारायला शिकतं. पण कोणता माग कितीदा थांबला, का थांबला, हे बहुतेक ठिकाणी कोणी लिहून ठेवत नाही, त्यामुळे माणूस गेला की त्याचं ज्ञानही जातं. केंद्र सरकारने २०२३ मध्ये लघुउद्योगांसाठी लीन योजना नव्याने आणली. सल्लागाराच्या खर्चाचा ९० टक्के वाटा सरकार उचलतं. पण सुरुवात करायला सल्लागाराचीही वाट पाहायला नको.

ओनो प्रत्येक बिघाडाला पाचदा 'का' विचारायला लावायचा. मे महिन्यातली एक दुपार घ्या. टॉवेलवर रेघ का? सूत तुटलं. का तुटलं? कोरडं पडलं होतं. का? शेडमधली हवा कोरडी होती. का? पाणी मारायचं राहिलं. का? ते कोणाचं काम, हे ठरलेलंच नव्हतं. सुताच्या व्यापाऱ्याशी भांडण्याआधी एवढी पाच उत्तरं मागाशेजारच्या भिंतीवर खडूने लिहावीत, आणि ती मागावरच्या माणसानेच लिहावीत.