१८ जून आणि ग्वाल्हेर : एका तारखेमागचा बराच मोठा इतिहास

जून अर्धा सरला की ग्वाल्हेरात फूलबागेकडे मांडव पडायला लागतात, १७ आणि १८ तारखेला राणी लक्ष्मीबाईंच्या समाधीपाशी बलिदान मेळा असतो आणि त्या दोन दिवसांत आपल्या सगळ्यांच्या मोबाइलवर घोड्यावर बसलेल्या राणीचा फोटो फिरतो. त्यासोबत हल्ली "आजच्या दिवशी इतिहासात" अशी एक लिस्ट पण येते, हळदीघाट, वॉटर्लू, झाशीची राणी, गोवा, सगळं एकाखाली एक, आणि लोक ती वाचून पुढे पाठवतात. मला त्या लिस्टबद्दल नेहमी वाटतं की ही नुसती योगायोगाची यादी नाहीये, यातल्या प्रत्येक घटनेचा धागा आपल्या ग्वाल्हेरशी येऊन जुळतो, फक्त तो कोणी नीट सांगत नाही. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

सुरुवात राणीपासूनच, कारण आपल्यासाठी ही तारीख आधी तिची आहे. १८५८ च्या मे महिन्यात काल्पी हातची गेली, पुढे जायला जागा उरली नव्हती, तेव्हा नानासाहेब पेशव्यांचे पुतणे रावसाहेब, तात्या टोपे आणि राणी यांनी थेट ग्वाल्हेरवर यायचं ठरवलं. १ जूनला ग्वाल्हेरला लागून असलेल्या मुरारजवळ ग्वाल्हेरचे महाराज जयाजीराव शिंद्यांची फौज समोर आली पण लढाई अशी फारशी झालीच नाही, बरीचशी फौज इकडेच येऊन मिळाली आणि महाराज दिवाण दिनकरराव राजवाड्यांसोबत आग्र्याला निघून गेले. ग्वाल्हेरच्या लष्कर नावाच्या भागातल्या जुन्या मराठी घरांत हा विषय निघाला की आजही माणसं जपून बोलतात, आणि ते मी समजू शकतो, कारण शिंद्यांचं अन्नही त्याच घरांनी खाल्लं आणि राणीची आरतीही त्याच घरांत झाली. मग दरबार भरला, नानासाहेबांना पेशवे म्हणून जाहीर केलं, मेजवान्या झाल्या, आणि राणी म्हणत होती की आधी मोर्चे बांधा, असं परंपरेने सांगतात. तिकडे इंग्रज सेनापती सर ह्यू रोज काल्पीहून ६ जूनला निघाला आणि जूनच्या त्या मरणाच्या उन्हात चालत १६ तारखेला त्याने मुरार घेतलं पण. फक्त दहा दिवस!

दुसऱ्या दिवशी कोटे की सरायपाशी इंग्रजांच्या ८ व्या हुसार घोडदळाशी गाठ पडली आणि त्यातच राणी घायाळ झाली. ती पुरुषी शिपाई वेशात लढत होती, घोडा नवा होता आणि तो नाल्याच्या काठी अडला, हे आपल्याकडे लहानपणापासून ऐकलेलं. आज जो सुवर्णरेखा नाला शहराच्या मधून जातो आणि ज्याच्या बाजूने आपण रोज नाक दाबून गाडी काढतो, तो हाच. तिला बाबा गंगादासांच्या शाळेत (म्हणजे साधूंच्या मठात) नेलं, तिथेच प्राण गेला, आणि देह इंग्रजांच्या हाती लागू नये म्हणून साधूंनी तिथल्या तिथे अग्नी दिला. ते होईपर्यंत इंग्रजांना अडवताना ७४५ साधू पडले असं गंगादासांच्या शाळेत सांगतात. ज्यांनी फूलबागेतली समाधी बघितली पण ही शाळा बघितली नाही त्यांनी एकदा जाच, कारण राणीच्या गोष्टीत हे साधू एका ओळीत येतात आणि संपतात, ते मला बरोबर वाटत नाही.

आता तारखेचा घोळ. समाधीवर, मेळ्यात, सरकारी कार्यक्रमांत १८ जून म्हणतात. पण इंग्रजांच्या लष्करी कागदांत कोटे की सरायची लढाई १७ जूनची आहे, आणि याला एक पक्का पुरावा म्हणजे त्या हल्ल्यासाठी ८ व्या हुसारच्या चार जणांना व्हिक्टोरिया क्रॉस हे इंग्रजांचं सगळ्यात मोठं शौर्यपदक मिळालं, त्या चौघांच्याही नोंदीत तारीख १७ जून १८५८ अशीच आहे. म्हणून काही पुस्तकांत राणीचा मृत्यू १७ ला आणि काहींत १८ ला. माझं मत विचाराल तर लढाई १७ चीच धरावी लागते, पण मेळा दोन्ही दिवस होतो हे मला फार आवडतं, भांडत बसण्यापेक्षा दोन दिवस आठवण काढली तर काय वाईट. १९ ला शहर पडलं, २० ला किल्ला. तात्यांना पुढच्या वर्षी १८ एप्रिलला शिवपुरीत फाशी दिली, आणि राणीचा दत्तक मुलगा दामोदरराव शेवटी इंदूरला राहिला, तिथेच १९०६ मध्ये गेला.

आता यादीतलं पहिलं नाव, हळदीघाट, १८ जून १५७६. राणा प्रताप एका बाजूला आणि अकबराचा सेनापती आमेरचा मानसिंह दुसऱ्या बाजूला, चेतक घोडा, एवढं सगळ्यांना पाठ. पण त्या दिवशी प्रतापच्या बाजूने ग्वाल्हेरचा राजा लढत होता हे आपल्या गावात किती जणांना माहीत आहे? रामशाह तोमर. आपण पाहुण्यांना किल्ल्यावर नेऊन ज्या मानमंदिराच्या निळ्या टाइल्स आणि त्यावरची ती पिवळी बदकं दाखवतो, ते बांधणाऱ्या मानसिंह तोमरचा हा नातू (आमेरचा मानसिंह वेगळा, नाव एक म्हणून गल्लत होते). मानसिंहाचा मुलगा विक्रमादित्य याच्याकडून लोदींनी किल्ला घेतला, आणि गंमत नाही, दुःखाची गोष्ट अशी की तोच विक्रमादित्य १५२६ ला पानिपतावर इब्राहिम लोदीच्याच बाजूने लढताना मेला. त्याच्या कुटुंबाने आग्र्यात हुमायूनला एक मोठा हिरा दिला असं बाबरनाम्यात आहे, बरेच जण तोच कोहिनूर मानतात. रामशाहने किल्ला परत मिळवायचा प्रयत्न केला, जमलं नाही, शेवटी मेवाडात आसरा घेतला आणि हळदीघाटात त्या आश्रयाची किंमत स्वतःच्या आणि पोटच्या मुलांच्या प्राणांनी चुकवली. अकबराच्या दरबारातला इतिहासकार बदायूनी हा मोगलांच्या बाजूने त्या लढाईत हजर होता, आणि त्याने सुद्धा ग्वाल्हेरच्या या राजाच्या शौर्याची तारीफ लिहून ठेवलीय, शत्रूच्या माणसाने! खमनोरजवळ रक्ततलाईला या तोमरांच्या छत्र्या (म्हणजे स्मारकं) आहेत. राजस्थान फिरायला जाणारे आपले लोक नाथद्वारा करून येतात, तिथून हे जवळच आहे, पण गाडी थांबवत नाहीत.

इथेही तारखेत भानगड आहेच. काही ठिकाणी २१ जून दिलेली सापडते. आणि १८ जून धरली तरी ती जुन्या ज्युलियन कॅलेंडरची, कारण आज आपण वापरतो ते ग्रेगरियन कॅलेंडर १५८२ च्या ऑक्टोबरात आलं, तेव्हा ४ तारखेनंतर एकदम १५ तारीख केली. म्हणजे आजच्या हिशोबाने हळदीघाट २८ जूनला येतो. शिवराज्याभिषेकाचं पण हेच, ६ जून १६७४ ही तारीख जुन्या कॅलेंडरची (इंग्रजांनी आपलं कॅलेंडर १७५२ पर्यंत बदललंच नव्हतं), नव्याने ती १६ जून होते आणि ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीही तिलाच जुळते. म्हणून तिथीने करणारे आणि तारखेने करणारे असा वाद दरवर्षी होतो. तेव्हा "एकाच दिवशी घडलं" म्हणताना कोणत्या कॅलेंडरचा दिवस हे विचारायलाच पाहिजे, लिस्ट बनवणारे ते विचारत नाहीत.

वॉटर्लू १८ जून १८१५, इथे मात्र कॅलेंडरची अडचण नाही. नेपोलियनला हरवणारा वेलिंग्टन म्हणजे तोच आर्थर वेलस्ली ज्याने २३ सप्टेंबर १८०३ ला असईला दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांच्या फौजेला हरवलं होतं. पुढे त्याला स्वतःची सगळ्यात चांगली लढाई कोणती विचारलं तर तो असईचं नाव घ्यायचा, यावरून शिंद्यांच्या तोफखान्याने त्या दिवशी त्याचं काय केलं असेल ते कळतं. त्या पराभवानंतर काही वर्षांतच दौलतरावांचा तळ ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली कायमचा पडला आणि त्या तळाचंच लष्कर झालं, म्हणजे आपली आजची गल्लीबोळं, बाडा, सगळं.

१९४० ची फ्रेंच जनरल द गॉलची, जर्मनांविरुद्ध लढत राहा अशी रेडिओवरची हाक पण १८ जूनचीच, ती फ्रान्सवाल्यांनी लिहावी.

राहिलं गोवा. १८ जून १९४६ ला मडगावात डॉ. राममनोहर लोहियांनी पोर्तुगीजांची बंदी मोडून सभा घेतली, ते आले होते मित्राकडे, डॉ. ज्युलियांव मिनेझिस यांच्याकडे असोळण्याला विश्रांतीसाठी, आणि तिथली परिस्थिती बघून गप्प बसवलं नाही. पावसात माणसं जमली, दोघांना अटक झाली, आणि तिथून गोव्याच्या लढ्याला नवा जोर आला. पणजीत अठरा जून रस्ता आहे तो यावरूनच. गोवा सुटायला १९ डिसेंबर १९६१ उजाडलं. आणि त्यानंतर दोनच महिन्यांनी, १९६२ च्या लोकसभा निवडणुकीत, याच लोहियांच्या पक्षाने ग्वाल्हेरात राजमाता विजयाराजे शिंद्यांच्या विरोधात सुखोराणी नावाच्या सफाई काम करणाऱ्या बाईला उभं केलं. लोहियांना हे मुद्दाम करायचं होतं, राणी विरुद्ध मेहतराणी असा सामना लोकांनी डोळ्यांनी बघावा म्हणून. निवडून राजमाताच आल्या. पण त्या काळात राजवाड्यासमोर एका सफाईवाल्या बाईचं नाव मतपत्रिकेवर छापलं गेलं, हे आमच्या पिढीला शाळेत कोणी सांगितलं नाही, आणि पुढच्या १८ जूनला लिस्ट बनवणाऱ्यांनी गोव्याच्या ओळीखाली एवढं तरी लिहावं अशी माझी मनापासून विनंती आहे.