व्हीआर हेडसेट घ्यायचा तर आधी गेमिंग पीसी घ्यावा लागतो?

व्हीआरचं (व्हर्च्युअल रिअॅलिटी, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट लावून आभासी जगात शिरणं) नाव काढलं की कोणीतरी सांगतंच, "अरे आधी तगडा पीसी घे, नाहीतर डबा पडून राहील." हे २०१६ ला खरं होतं, तेव्हाच्या ऑक्युलस रिफ्ट आणि एचटीसी वाईव्ह या हेडसेटना पीसी, वायर, खोलीत लावायचे सेन्सर सगळंच लागायचं. पण २०१९ मध्ये ऑक्युलस क्वेस्ट आला आणि ते संपलं, कारण प्रोसेसर, बॅटरी, स्टोरेज सगळं हेडसेटमध्येच, आणि तुम्ही कुठे वाकलात कुठे सरकलात ते त्याच्यावरचेच कॅमेरे बघतात. वायफाय आणि सुरुवातीच्या सेटअपला फोन, बस.

पीसी लागतो तो फक्त पीसीसाठीच बनलेले भारी गेम खेळायचे असतील तर, आणि तेव्हाही हाच हेडसेट केबलने किंवा वायफायवरून जोडता येतो. नुसत्या हेडसेटवर ग्राफिक्स मात्र पीसीएवढे नसतात, आत मोबाईलच्या जातीची चिप आहे शेवटी.

खरा विचार करायचा तो वेगळ्याच गोष्टींचा. बॅटरी साधारण दोन-अडीच तास, साधारण दोन बाय दोन मीटर मोकळी जागा (ही बऱ्याच घरांत नसते!), आणि काही जणांना गरगरतं, म्हणून आधी कोणाचा तरी लावून बघा.