तीन किलोमीटर झाले. आता सहा कुठे खणायचे?

शेतात बोअर मारणारी गाडी आली की निम्मा गाव बांधावर जमतो. कॉम्प्रेसर धडधडत असतो, पांढरी भुकटी उडत असते आणि मग कधीतरी ती भुकटी ओली होऊन बाहेर पडते. कुणीतरी ओरडतं, "पाणी लागलं!" दोनशे फूट, तीनशे फूट, फारच हट्टाला पेटलं तर आठशे. सातारा जिल्ह्यात, कोयनेच्या दक्षिणेला गोठणे इथे मारलेली बोअर ३ किलोमीटर खोल आहे, म्हणजे जवळजवळ दहा हजार फूट. २०१७ च्या जूनमध्ये ती पूर्ण झाली. ती पाण्यासाठी नव्हती, भूकंपासाठी होती. तरीही पाणी लागलंच, आणि त्या पाण्याला फार मोठा अर्थ आहे.

या बोअरचं शास्त्रज्ञांच्या बोलण्यातलं नाव 'पायलट होल', आपण पथदर्शी विवर म्हणू. भूकंप जिथे जन्मतो तिथे थेट पोचणं हे तिचं काम नव्हतंच. ६ किलोमीटरपर्यंत जायचं झालं तर जमेल का, वाटेत काय भेटेल, कोणती यंत्रं टिकतील, हे आधी कळावं म्हणून ती खणली. त्यामुळे अशा प्रकल्पात रिग, म्हणजे खणणारं यंत्र, थांबली की काम संपत नाही. हाती आलेली माहिती मांडायची, पूर्वीच्या अंदाजांशी ताडून पाहायची आणि पुढचा आराखडा तिच्या आधारे बदलायचा, हे काम तेव्हा सुरू होतं. बातमी होते ती खोलीची. मला मात्र हा मधला, शांत टप्पा सगळ्यात मोलाचा वाटतो.

कोयनेच्या खोऱ्यात वय सांगताना जुनी माणसं अजून "भूकंपाच्या साली" असं म्हणतात. ११ डिसेंबर १९६७, पहाटेचे ४ वाजून २१ मिनिटं. ६.३ तीव्रतेच्या त्या धक्क्याने कोयनानगर जमीनदोस्त झालं, सुमारे २०० माणसं गेली. धरणाला भेगा पडल्या, पण धरण उभं राहिलं आणि नंतर ते मजबूत करण्यात आलं. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात पाणी साठू लागलं १९६२ च्या सुमारास, आणि त्यानंतर थोड्याच काळात लहान धक्के जाणवू लागले होते. जलाशयामुळे चालना मिळालेला जगातला सगळ्यात मोठा ज्ञात भूकंप म्हणून आजही कोयनेचंच नाव घेतलं जातं.

इथे एक शब्द नीट समजून घ्यायला हवा. धरणाने भूकंप घडवला असं म्हणणं बरोबर नाही. खडकात ताण आधीपासून साचलेला होता. पाण्याने निमित्त दिलं. भूगर्भातल्या भेगेच्या दोन्ही बाजू वरच्या वजनाने एकमेकींवर घट्ट दाबलेल्या असतात आणि त्या घर्षणामुळेच सरकत नाहीत. भेगेत दाबाखालचं पाणी शिरलं की ते दोन्ही बाजूंना आतून रेटतं. पकड सैल होते. साचलेला ताण तेवढ्याचीच वाट पाहत असतो. म्हणूनच पावसाळ्यात जलाशय भरला की त्यापाठोपाठ इथल्या धक्क्यांची संख्या वाढताना दिसते. १९८५ पासून दक्षिणेला वारणेचं पाणी साठू लागलं, आणि १९९३ नंतर तिकडेही धक्क्यांचा जोर वाढला.

या भागात आतापर्यंत ५ पेक्षा जास्त तीव्रतेचे वीसहून अधिक भूकंप झाले आहेत. ४ पेक्षा जास्त तीव्रतेचे दोनशेच्या घरात. बारक्या धक्क्यांची संख्या हजारोंमध्ये जाते. हे सगळं जेमतेम ३० बाय २० किलोमीटरच्या पट्ट्यात, बहुतेक १० किलोमीटरपेक्षा कमी खोलीवर. भूकंपाचा अभ्यास करणाऱ्यांना असं ठिकाण जगात शोधून सापडत नाही: धक्के सतत येतात, जागा लहान, खोली हात पोचण्याजोगी. त्यातून २०११ आणि २०१४ मध्ये देशोदेशीच्या शास्त्रज्ञांच्या कार्यशाळा झाल्या, केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने प्रकल्प उचलला आणि कराडला त्यासाठी खास प्रयोगशाळा उभी राहिली.

पायलट विवराआधी या परिसरात दीड-दीड किलोमीटरच्या कितीतरी बोअर मारल्या गेल्या. कारण साधं होतं. वरचा बेसाल्ट म्हणजे लाव्ह्याचे थरावर थर. त्यातून वर येणाऱ्या भूकंपलहरी इतक्या विखुरतात की जमिनीवर ठेवलेल्या यंत्राला अस्पष्टच ऐकू येतं. म्हणून भूकंपमापक थेट बेसाल्टच्या खाली, ग्रॅनाइटमध्ये उतरवले. भूकंप नेमका कुठे झाला हे सांगताना पूर्वी सुमारे ८०० मीटरची चूक व्हायची, ती ३०० मीटरपर्यंत खाली आली. खोल विवर कुठे खणायचं हे ठरवायला निघालेल्या माणसाला हा फरक किती मोठा आहे, हे वेगळं सांगायला नको.

या दीड किलोमीटरच्या बोअरींमधून काढलेल्या खडकाच्या कांड्या, म्हणजे 'कोअर', पेट्यांमध्ये ओळीने मांडून ठेवतात. डावीकडून वाचत जायचं, पुस्तकासारखं. काळाकभिन्न बेसाल्ट, त्यात झिओलाइट या पांढऱ्या खनिजाने भरलेली बुडबुड्यांची भोकं. मध्येच विटेच्या रंगाचा पातळ थर: एक लाव्हा थंड झाल्यावर दुसरा त्याच्यावर येईपर्यंत उन्हापावसात झिजलेल्या, भाजलेल्या जमिनीचा. पुन्हा बेसाल्ट, पुन्हा तांबडा थर. पायलट विवरात हे सुमारे सव्वा किलोमीटर चाललं. मग एकाएकी बेसाल्ट संपतो आणि करड्या-गुलाबी, पट्ट्यापट्ट्यांचा ग्रॅनाइटी खडक सुरू होतो. वरचा खडक साडेसहा कोटी वर्षांचा, खालचा अडीचशे कोटींहून जुना. दोघांच्या मध्ये गाळाचा खडक असेल अशी शंका काहींना होती. तो नाही. जवळजवळ अडीच अब्ज वर्षांचा काळ एका रेघेत नाहीसा झाला आहे, आणि त्या रेघेवर बोट ठेवता येतं.

आता ते पाणी. ३ किलोमीटरपर्यंतच्या भेगांमध्ये सापडलेलं पाणी पावसाचं निघालं. सह्याद्रीवर पडलेला पाऊस फटीफटींतून इतक्या खोलवर उतरतो आणि खाली फिरत राहतो, याचा हा हातात आलेला पुरावा. जलाशय आणि भूकंप यांच्या नात्याबद्दल पन्नास वर्षं जे बोललं गेलं, त्यातला 'पाणी खरंच तिथवर पोचतं का?' हा दुवा बराचसा गणितावर उभा होता. आता निदान तीन किलोमीटरपर्यंत त्याला खडकाचा आधार आहे.

दुसरा निष्कर्ष विवराच्या भिंतींनीच सांगितला. खडकाला सगळ्या बाजूंनी सारखा रेटा नसतो. त्यात गोल भोक पाडलं की ज्या दिशेला आडवा दाब सर्वांत कमी, त्या दिशेच्या भिंतींचे कपचे निघतात आणि भोक गोल न राहता लंबगोल होतं. ध्वनिलहरी सोडणारं उपकरण आत उतरवून भिंतीचा नकाशा काढला की तो लंबगोल कोणत्या दिशेला ताणलेला आहे ते दिसतं, आणि त्यावरून खडकावरच्या ताणाची दिशा वाचता येते. या सगळ्या मोजमापांतून दिसलं ते असं: इथला खडक ताणाच्या अगदी काठावर आहे. दाबात थोडा बदलही घसरणीला पुरतो.

एवढी शिदोरी घेऊन ६ किलोमीटरचा विचार करायचा. खोली दुप्पट, पण अडचणी दुपटीत मावत नाहीत. बोअरच्या गाडीवर वापरतात तोच हवेच्या दाबावर चालणारा हॅमर गोठण्यातही वापरला, त्याच्या जोडीला चिखलाचं द्रावण फिरवून खणण्याची तेलविहिरींची पद्धत. हवेचा हॅमर कठीण खडकात झपाट्याने जातो, पण भेगांतून पाणी आत येऊ लागलं की हवेचा जोर कमी पडतो. पायलट विवरात पाणी आहे हे कळलं म्हणजे पुढच्या विवरात कोणत्या टप्प्यावर पद्धत बदलायची, याचा हिशेब हाती आला. शिवाय ६ किलोमीटर लांबीच्या पोलादी नळ्यांचं ओझं रिगच्या हुकाला पेलावं लागतं. पायलटची रिग त्यासाठी पुरणारी नाही. भेगाळलेल्या पट्ट्यात नळ्या अडकल्या तर महिनोन्‌महिने त्या सोडवण्यात जातात.

आणि उष्णता. सहा किलोमीटरवर तापमान शंभर अंशांच्या वर असणार. हा आकडा चुकला तर काय होतं, हे रशियातल्या कोला विवराने दाखवून दिलं आहे. १९७० मध्ये सुरू झालेलं ते विवर १२,२६२ मीटरपर्यंत गेलं. तिथे शंभरेक अंश अपेक्षित होते, निघाले १८०. पुढे जाता आलं नाही. जर्मनीतल्या केटीबी प्रकल्पाने शहाणपणा केला. त्यांनी आधी ४,००० मीटरचं पायलट विवर खणलं, त्यात तापमान अंदाजापेक्षा वेगाने वाढतंय हे पाहिलं आणि मुख्य विवराचं उद्दिष्टच कमी केलं. ते ९,१०१ मीटरवर थांबलं. उद्दिष्ट कमी करावं लागणं हे अपयश नाही. पायलट विवर त्यासाठीच असतं.

कॅलिफोर्नियातल्या सॅन अँड्रियास प्रस्तरभंगावरच्या, म्हणजे खडक जिथे सरकतात त्या मोठ्या भेगेवरच्या, विवराचा धडा आणखी कडू आहे. भेगेपर्यंत जाऊन, वर्षानुवर्षं मेहनत करून २००८ मध्ये आत भूकंपमापकं बसवली, आणि काही आठवड्यांत ती बंद पडली. खणणं जमलं होतं, टिकवणं जमलं नाही. म्हणून माझ्या मते कोयनेच्या पुढच्या टप्प्यात खोलीच्या विक्रमापेक्षा उपकरणांच्या आयुष्यावर जास्त विचार आणि जास्त पैसा लागायला हवा. कोयनेतला मोठा धक्का आपल्या सोयीने येणार नाही. यंत्रं पाच, दहा, पंधरा वर्षं त्या उष्णतेत आणि त्या पाण्यात शाबूत राहिली तरच ती वेळ साधता येईल.

विवर नेमकं कुठे, हा प्रश्नही सोपा नाही. १९६७ चा धक्का उत्तरेकडच्या दोणीचावाडा प्रस्तरभंगावर झाला. तिथे खडक आडवे सरकतात. दक्षिणेला वारणेकडे मात्र खडक खाली घसरतात. दोन्हीकडे खडक सरकण्याची रीत वेगळी आहे आणि एका विवराने दोन्ही प्रश्न सुटणार नाहीत. जिथे लहान धक्के वारंवार त्याच जागी येतात तिथे गेलं तर थोड्या वर्षांत भरपूर नोंदी मिळतील. जिथे मोठा धक्का झाला होता तिथे गेलं तर कदाचित वाटच पाहावी लागेल. मी पहिल्याच्या बाजूने आहे.

खोऱ्यातल्या लोकांना या सगळ्याबद्दल जे सांगायचं ते आत्ताच सांगायला हवं. मांडणीवरची भांडी वाजली की रात्री घराबाहेर येऊन बसणाऱ्या माणसांना वाटतं की एवढं खोल गेले म्हणजे आता भूकंप आधी कळेल. तसं वचन कुणी देऊ शकत नाही. धक्क्याच्या आधी, धक्क्याच्या क्षणी आणि नंतर भेगेजवळच्या पाण्याचा दाब, तापमान आणि ताण यांत काय बदलतं, हे जवळून मोजता येईल. इतक्या जवळून ते फार थोड्या ठिकाणी मोजलं गेलं आहे. पायलट विवराचे निष्कर्ष इंग्रजी शोधपत्रिकांत आले, चांगलंच आहे. पण कोयना-पाटण भागातल्या शाळांच्या फळ्यावरही ते मराठीत यायला हवेत: आपल्या पायाखाली सव्वा किलोमीटर बेसाल्ट आहे, त्याखाली ग्रॅनाइट आहे, आणि आपल्याच डोंगरावरचा पाऊस तिथवर उतरतो.

राहिलं गोठण्याचं विवर. त्याचं काम संपलेलं नाही. कॅलिफोर्नियात मुख्य विवर खणताना बिट, म्हणजे खणणारं टोक, खडकावर आदळल्याचा आवाज शेजारच्या पायलट विवरात लावलेल्या भूकंपमापकांनी टिपला होता. त्या आवाजावरून बिट आणि भेगा यांच्या मधल्या खडकाची रचना उलगडायला मदत झाली. सहा किलोमीटरचं विवर जवळपास झालं तर गोठण्यातही हे करता येईल. नव्या विवराचा बिट खाली जात असताना तीन किलोमीटरची जुनी बोअर शेजारी उभी राहून त्याचा प्रत्येक ठोका ऐकत असेल.