वर्कबेंच : बांधणी आणि मजबुती

वर्कबेंच म्हणजे फिटर, सुतार किंवा मिस्त्री ज्यावर काम पकडून उभ्याने कापतो, घासतो, ठोकतो ते भक्कम टेबल. त्यावर व्हाइस (शेगडा), ग्राइंडर, बैठे ड्रिल मशीन, ऐरण अशी जड साधने कायमची बसवलेली असतात. या साधनांचे वजन पेलणे हे बेंचचे सोपे काम आहे. दोन माणसांचा भार बारीक पायांचे टेबलही पेलते. पण त्याच टेबलाला व्हाइस लावून कानस चालवली की ते पुढेमागे झुलू लागते, कानस उड्या मारते आणि सपाट करायचा तुकडा मधे फुगीर राहतो. बेंचची मजबुती म्हणजे आडव्या धक्क्याला दाद न देणे, आणि बांधणीतल्या बहुतेक गोष्टी त्यासाठीच असतात.

बडोद्यात हातकामाच्या शिक्षणाची परंपरा जुनी आहे. तिसऱ्या सयाजीरावांच्या कारकिर्दीत १८९० साली त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने कलाभवन सुरू झाले. हीच संस्था पुढे महाराजा सयाजीराव विद्यापीठाची तंत्रज्ञान व अभियांत्रिकी शाखा बनली. आज मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या छोट्या शेडपासून रावपुरा-दांडिया बाजारातल्या मराठी घरांच्या मागच्या पडवीपर्यंत, जिथे लोखंडाचे काम चालते तिथे असे बेंच लागतेच.

सांगाडा. चौकोनी चौकट कोपऱ्यांत कितीही चांगली जोडली तरी तिरपी होऊ शकते. त्रिकोण तसा होत नाही, कारण बाजूंची लांबी बदलल्याशिवाय त्याचे कोन बदलत नाहीत. म्हणून पाय जाड करण्यापेक्षा मागच्या बाजूला एक तिरपी पट्टी आणि दोन्ही टोकांना एकेक, एवढे केले तरी झुलणे बऱ्यापैकी थांबते. पुढच्या बाजूला उभे राहायला जागा हवी, तिथे कोपऱ्यांत त्रिकोणी पत्रे वेल्ड करतात. बाजारात सहज मिळणारा ५० × ५० × ६ मिमीचा अँगल (काटकोनात दुमडल्यासारखी लोखंडी पट्टी) या कामाला पुरतो. त्याचे वजन मीटरला सुमारे साडेचार किलो भरते.

चौकट काटकोनात आहे की नाही हे लांबच्या कामात नुसत्या गुण्याने (काटकोन तपासायच्या साधनाने) कळत नाही, कर्ण मोजावे लागतात. १८०० × ७५० मिमीच्या चौकटीचे दोन्ही कर्ण बरोबर १९५० मिमी यायला हवेत. (५, १२, १३ या त्रिकोणाची ही दीडशे पट आहे, म्हणून हे माप लक्षात ठेवायला सोपे.) आधी सगळीकडे फक्त टाके (वेल्डचे छोटे ठिपके) मारावेत, कर्ण पुन्हा मोजावेत, आणि मगच समोरासमोरचे कोपरे आलटून पालटून पूर्ण वेल्ड करावेत. वेल्ड थंड होताना आकसते आणि चौकट आपल्याकडे ओढते. एकाच कोपऱ्यापासून सलग वेल्ड करत गेलेली चौकट शेवटी पिळते आणि एक पाय जमिनीवरून उचललेला राहतो.

माथा. लाकडी माथा ५० मिमीच्या आसपास जाडीचा, साल वृक्ष किंवा बाभळ यांच्यासारख्या घट्ट लाकडाचा असावा. जाडीत कंजूषी करू नये: फळी दुप्पट जाड झाली की तिची लवण्याची सवय आठव्या हिश्श्यावर येते. पावसाळ्यात फळी रुंदीत फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, म्हणून सांगाड्याला जोडताना गोल भोकांऐवजी लांबट भोके ठेवावीत. नाहीतर फळीला उभ्या भेगा जातात. वेल्डिंग आणि ठोकाठोक जास्त असेल तर लोखंडी प्लेट बरी. ८ मिमी प्लेटचे वजन चौरस मीटरला सुमारे ६३ किलो होते, आणि हे वजन इथे कामालाच येते.

वजन आणि जमिनीशी पकड. समजा बेंच सगळे मिळून १२० किलो आहे आणि पायांतले अंतर ७५ सेंमी. व्हाइसमध्ये, म्हणजे जमिनीपासून मीटरभर उंचीवर, मिस्त्रीने लांब पान्याने आपल्याकडे ओढ दिली, तर साधारण ४५ किलोच्या ओढीला मागचे पाय उचलतात. अंग टाकून ओढणारा माणूस एवढी ओढ सहज देतो. उपाय दोनच: पायांच्या पट्ट्या फरशीत अँकर बोल्टने बांधणे, किंवा खालच्या फळीवर लोखंड रचून वजन वाढवणे. ६० किलो वाढवले की तोच हिशोब ६७ किलोवर जातो. भाड्याच्या शेडमध्ये फरशी फोडू देत नाहीत, तिथे दुसराच मार्ग उरतो. बडोद्यात विश्वामित्री नदीच्या काठच्या सखल भागात मात्र खालच्या फळीवर फक्त लोखंडच ठेवावे. २०१९ आणि २०२४ च्या पुरांत या भागांत पाणी शिरले होते. मोटर, वेल्डिंग मशीन आणि स्विचबोर्ड यांची जागा माथ्याच्या वरच.

व्हाइस. याची जागा पुढच्या पायाच्या अगदी वर. दोन पायांच्या मधे बसवलेल्या व्हाइसवर घण मारला की माथा लवतो आणि निम्मा घाव वाया जातो. स्थिर जबडा माथ्याच्या कडेच्या किंचित बाहेर यायला हवा, म्हणजे लांब पाइप किंवा पट्टी उभी पकडली तरी ती खाली माथ्याला अडत नाही. उंची ठरवायची फिटरांची रीत अशी: व्हाइसजवळ ताठ उभे राहायचे, मूठ हनुवटीखाली टेकवायची, आणि कोपर जबड्याच्या माथ्याला टेकतो का ते पाहायचे. टेकले नाही तर बेंचच्या पायाखाली किंवा व्हाइसखाली ठोकळा देऊन उंची जुळवावी. वाकून घासणाऱ्याची कंबर संध्याकाळी बोलते. बोल्ट आरपार असावेत आणि खाली रुंद पट्टी द्यावी. लाकडात नुसते स्क्रू पिळलेला व्हाइस वर्षभरही टिकत नाही.

ग्राइंडर आणि ड्रिल. पन्नास हर्ट्झच्या विजेवर ग्राइंडर मिनिटाला तीन हजारांच्या थोडे खाली फेरे घेतो. चाक जरा जरी असमतोल असेल तरी प्रत्येक फेऱ्याला एक धक्का बेंचला बसतो आणि नट हळूहळू सैल होतात, म्हणून इथे डबल नट किंवा स्प्रिंग वॉशर हवाच. जागा असेल तर ग्राइंडर वेगळ्या खांबावर बसवणे उत्तम, कारण त्याची उडणारी कुरुंदाची भुकटी व्हाइसच्या आट्यांत जाऊन ते झिजवते. ड्रिल मशीनचा जड भाग वर असतो, त्यामुळे ते भिंतीकडच्या बाजूला ठेवून शक्य तर भिंतीलाही बांधावे. दोन्ही यंत्रे आणि सांगाडा विजेच्या अर्थिंगला जोडलेले असणे अत्यावश्यक आहे. नाहीतर लोखंडी बेंचमध्ये विजेची गळती झाली तर हात लावणाऱ्याला झटका बसतो.

देखभाल. खंडेनवमीला मराठी कारागीर हत्यारे धुऊन-पुसून त्यांची पूजा करतात. बेंच त्यासाठी रिकामे होतेच, तेव्हा सगळे बोल्ट आवळून घेणे, पाणसळ ठेवून माथा तपासणे आणि वेल्डच्या टोकांना बारीक भेग गेली आहे का ते उजेडात पाहणे, हे तेव्हाच करावे. भेग दिसली तर तिच्यावर नवा वेल्ड चढवू नये. आधी ती ग्राइंडरने मुळापर्यंत घासून काढावी लागते.