इटली : आठवडाभर दोन्ही गोटांत

२६ एप्रिल १९१५ रोजी इटलीच्या राजदूताने लंडनमध्ये एका गुप्त करारावर सही केली. महिन्याभरात ब्रिटन, फ्रान्स आणि रशियाच्या बाजूने युद्धात उतरायचं, असं इटलीने त्यात कबूल केलं होतं. त्या दिवशी जर्मनी आणि ऑस्ट्रिया-हंगेरीबरोबरचा इटलीचा तेहतीस वर्षं जुना तह मात्र अजून जिवंत होता. तो मोडल्याचं इटलीने मे महिन्याच्या सुरुवातीला कळवलं. म्हणजे पहिलं महायुद्ध ऐन भरात असताना साधारण आठवडाभर इटली कागदोपत्री दोन्ही गोटांची मित्र होती.

२३ मे रोजी इटलीने ऑस्ट्रियाविरुद्ध युद्ध पुकारलं, तेव्हा सम्राट फ्रान्झ जोसेफने आपल्या प्रजेला सांगितलं, की असा विश्वासघात इतिहासाने कधी पाहिलेला नाही. त्याचा संताप समजू शकतो. पण ‘विश्वासघात’ म्हटलं की विचार तिथेच थांबतो, आणि मला तर यात विचार करण्यासारखं बरंच काही दिसतं. ही फारकत कधीतरी होणारच होती, हे साध्या बेरीज-वजाबाकीच्या चिन्हांनीही दाखवता येतं. ती कुठल्या बाजूने होणार, हे मात्र चिन्हं सांगत नाहीत.

चिन्हांचं गणित असं. तुमचे दोन जिवलग मित्र आहेत आणि त्या दोघांचं एकमेकांशी हाडवैर आहे. दोघांच्या घरी जाणं, दोघांचं ऐकून घेणं किती जड जातं, हे ज्याने भोगलंय त्यालाच ठाऊक. एक तर तुम्ही त्यांचं जुळवून देता, नाहीतर एकाला सोडता. फ्रिट्झ हायडर या मानसशास्त्रज्ञाने १९४६ मध्ये हीच अवघड स्थिती नेमकेपणाने मांडली. मैत्रीला अधिक आणि वैराला उणे चिन्ह द्यायचं आणि तिघांमधल्या तीन चिन्हांचा गुणाकार करायचा. उत्तर अधिक आलं तर त्रिकोण स्थिर, उणे आलं तर अस्थिर. तिघेही मित्र असले की उत्तर अधिक येतं. दोघे मित्र आणि तिसरा दोघांचाही शत्रू असला तरी अधिकच, कारण उणे गुणिले उणे अधिक. ‘शत्रूचा शत्रू तो मित्र’ ही म्हण म्हणजे हाच दुसरा त्रिकोण. दोन मित्रांचं आपसात वैर असलं, तर मात्र उत्तर उणे येतं.

पुढे १९५६ मध्ये डॉर्विन कार्टराइट आणि गणितज्ञ फ्रँक हॅरारी यांनी यातून एक सुंदर निष्कर्ष सिद्ध केला. समूहातल्या प्रत्येकाचं प्रत्येकाशी काहीतरी नातं असेल आणि सगळे त्रिकोण स्थिर असतील, तर दोनच चित्रं शक्य असतात : सगळे एकमेकांचे मित्र, किंवा समोरासमोर उभे असलेले बरोबर दोन गट. तिसरं चित्र नाहीच. मोठ्या युद्धांत जग दोन तटांत का विभागलं जातं, याचं इतकं आटोपशीर उत्तर मी दुसरीकडे वाचलेलं नाही. हॅरारीने नंतर हेच गणित १९५६ च्या सुएझ संकटालाही लावून पाहिलं.

२००६ मध्ये अँटल, क्रापिव्हस्की आणि रेडनर या भौतिकशास्त्रज्ञांनी १८७२ ते १९०७ या काळातल्या सहा युरोपीय सत्तांचे तह घेतले. जुने मित्र तुटतात, जुने वैरी जवळ येतात आणि १९०७ पर्यंत सगळं जाळं स्थिर होतं, असं त्यांनी दाखवलं. एका बाजूला ब्रिटन, फ्रान्स, रशिया. दुसऱ्या बाजूला जर्मनी, ऑस्ट्रिया-हंगेरी, इटली. सगळे त्रिकोण चोख. मग आठ वर्षांत इटली पलीकडे कशी गेली?

कारण चिन्हं तहांवरून दिलेली होती, आणि तहातलं अधिक चिन्ह मनातलं असतंच असं नाही. १८८१ मध्ये फ्रान्सने ट्युनिसिया घेतला. त्यावर इटलीचाही डोळा होता. त्या चिडीतून इटली पुढच्याच वर्षी जर्मनी आणि ऑस्ट्रियाच्या त्रिराष्ट्र करारात शिरली. पण इटालियन भाषकांचे त्रेंतिनो आणि त्रिएस्ते हे भाग ऑस्ट्रियाच्याच ताब्यात होते, आणि ते ‘सोडवायचे राहिलेले प्रदेश’ आहेत ही भावना इटलीत जिवंत होती. तिकडे ऑस्ट्रियाचा लष्करप्रमुख कोनराड आपल्याच मित्रावर आधी हल्ला करा म्हणून वारंवार टुमणं लावत असे. १९११ मध्ये इटली लिबियासाठी तुर्कांशी लढण्यात गुंतली होती. तेव्हाही त्याने हाच आग्रह धरला आणि त्यापायी काही काळ पद गमावलं. खरा त्रिकोण असा होता : जर्मनीची दोघांशी मैत्री, आणि त्या दोघांचं आपसात वैर. गुणाकार उणे.

असा त्रिकोण मोडतो. पण त्यातली कुठली रेघ बदलणार? इथे गणित गप्प बसतं आणि ज्याच्या-त्याच्या स्वार्थाचा हिशोब सुरू होतो.

इटलीकडे दगडी कोळसा जवळजवळ नव्हता. रेल्वे आणि कारखाने आयात कोळशावर चालत, आणि त्यातला बहुतेक ब्रिटनमधून जहाजांनी येई. शिवाय एवढा लांब किनारा, आणि भूमध्य समुद्रात ब्रिटन-फ्रान्सचं आरमार. १८८२ चा करार झाला तेव्हाच इटलीने नोंदवून ठेवलं होतं, की हा करार ब्रिटनविरुद्ध आहे असं समजू नये. १९०२ मध्ये तिने फ्रान्सलाही गुपचूप तटस्थतेचा शब्द दिला. ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध पेटलं तेव्हा इटली म्हणाली, करार बचावासाठी आहे, हल्ला तर ऑस्ट्रियानेच सर्बियावर केलाय आणि आम्हाला विचारलंही नाही. कायद्याच्या दृष्टीने तिचं म्हणणं खरं होतं.

मग नऊ महिने भाव ठरत राहिला. पंतप्रधान अँतोनियो सालांद्रा यांनी ऑक्टोबर १९१४ मध्ये या धोरणाला जे नाव दिलं त्याचा शब्दशः अर्थ ‘पवित्र स्वार्थ’. जर्मनीने ब्यूलो या माजी चॅन्सेलरला रोमला धाडलं. त्याचं काम त्रिकोणाच्या भाषेत सांगायचं तर ऑस्ट्रिया आणि इटलीमधली उणे रेघ अधिक करणं : ऑस्ट्रियाने थोडी जमीन द्यावी, इटलीने तटस्थ राहावं. ऑस्ट्रिया अगदी उशिरा त्रेंतिनोवर तयार झाली. पण तिला जे द्यायचं ते स्वतःच्या ताटातून द्यायचं होतं. ब्रिटन, फ्रान्स आणि रशियाला दुसऱ्याच्या जमिनीची आश्वासनं द्यायची होती, आणि त्यात हात आखडण्याचं कारणच नव्हतं. त्रेंतिनो, त्रिएस्ते, एड्रियाटिक समुद्राकाठचे इस्त्रिया आणि उत्तर दाल्मेशिया, शिवाय ब्रेनर खिंडीपर्यंतचा दक्षिण टिरोल. या टिरोलमध्ये दोन लाखांहून अधिक जर्मन भाषक राहत होते. तिथे ‘आपली माणसं सोडवण्याचा’ प्रश्नच नव्हता. माझ्या मते १९१५ चा निकाल इथेच लागला.

आणि तरीही इटलीने जर्मनीविरुद्ध लगेच युद्ध पुकारलं नाही. ते झालं २८ ऑगस्ट १९१६ रोजी, म्हणजे पंधरा महिन्यांनी. गरज नसेल तोवर एकही रेघ तोडायची नाही, इतकं हे काटेकोर होतं.

आता ज्या गोष्टीने मी अस्वस्थ होतो तिच्याकडे येतो. त्रिकोणाच्या एका टोकाला आपण ‘इटली’ लिहितो, जणू ती एक व्यक्ती आहे आणि तिला एकच मन आहे. ज्येष्ठ नेते जोलित्ती यांचं मत होतं, की युद्ध न करताही बरंच काही मिळेल. मे १९१५ मध्ये ते रोमला आले तेव्हा सुमारे तीनशे खासदारांनी त्यांच्या मुक्कामी आपापलं नावाचं कार्ड ठेवून पाठिंबा कळवला. म्हणजे संसदेचं बहुमत युद्धाच्या विरोधात होतं, आणि लंडनची सही तर तिला न विचारताच झाली होती. सालांद्रांनी राजीनामा दिला, तो राजाने स्वीकारला नाही. रस्त्यांवर युद्ध मागणारे जमाव होतेच. अखेर संसद झुकली. राष्ट्रहित कशात आहे हे प्रत्यक्षात पंतप्रधान, परराष्ट्रमंत्री सोन्निनो आणि राजा यांनी ठरवलं. इसोंझो नदीच्या काठी इटलीने अकरा वेळा चढाई केली, आणि १९१७ मध्ये बाराव्या लढाईत कापोरेत्तोला तिची फळी कोसळली. युद्धात सहा लाखांच्या आसपास इटालियन सैनिक मेले. त्यात मोठा भरणा शेतकऱ्यांचा होता, आणि दक्षिणेतल्या कित्येकांनी त्रिएस्ते हे नावही आधी फारसं ऐकलेलं नसणार. पॅरिसच्या शांतता परिषदेत अमेरिकेच्या विल्सन यांनी दाल्मेशिया द्यायला नकार दिला. ‘आपला विजय छाटला गेला’ ही जखम मुसोलिनीने पुढे पुरेपूर वापरली.

दुसऱ्या महायुद्धात इटली जर्मनीबरोबर उतरली आणि पुन्हा बाजू बदलली. १९४१ मध्ये एरिट्रिया या आफ्रिकेतल्या इटालियन वसाहतीत, केरेनच्या डोंगरांवर, ब्रिटिशांच्या हिंदी सैन्यातल्या मराठा पलटणी इटालियन फौजेशी लढल्या. सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीने शस्त्रं खाली ठेवली आणि १३ ऑक्टोबरला जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलं. दोस्तांनी तिला मित्रराष्ट्र म्हणायचं टाळलं. तिला दर्जा मिळाला तो फक्त ‘सहयोद्ध्या’चा. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, आजच्या रायगड जिल्ह्यातले नाईक यशवंत घाडगे जर्मन मशीनगनच्या ठाण्यावर एकटे चालून गेले आणि ते जिंकून तिथेच पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ज्या मातीत ते पडले ती वर्षभरापूर्वी शत्रूची होती. त्यांच्या देशाला हे युद्ध हवं का, हे मात्र १९३९ मध्ये व्हाइसरॉयने कुणालाही न विचारता ठरवून टाकलं होतं.

१० फेब्रुवारी १९४७ रोजी पॅरिसमध्ये इटलीबरोबरच्या तहावर सह्या झाल्या. इस्त्रियाचा बहुतेक भाग युगोस्लाव्हियाकडे गेला आणि त्रिएस्तेचा निकाल १९५४ पर्यंत लोंबकळत राहिला. सह्या करणाऱ्या विजेत्या देशांच्या यादीत, स्वातंत्र्याला अजून सहा महिने असलेला भारतही होता.