‘किंवा चेंबर’ : ब्रिटनमधल्या ठासणीच्या रिव्हॉल्व्हरची पार्श्वभूमी

इंग्लंडमधल्या एखाद्या क्लबच्या रेंजवर रविवारी सकाळी गेलात तर २५ मीटरच्या पट्ट्यावर पांढऱ्या धुराचे लोट आणि कुजक्या अंड्यासारखा गंधकाचा वास हमखास भेटतो. धुरामागच्या माणसाच्या हातात १८६०च्या आसपासच्या नमुन्याचे रिव्हॉल्व्हर असते, पण ते बनलेले असते इटलीत, बहुधा गेल्या तीसचाळीस वर्षांत. इतिहासाची आवड असलेले लोक त्यात आहेतच. मात्र अनेक जण या छंदात आले ते दुसरी वाट उरली नाही म्हणून.

जुना इतिहास थोडक्यात. कोल्ट या अमेरिकन कारखानदाराची रिव्हॉल्व्हर १८५१च्या लंडनच्या महाप्रदर्शनात मांडली गेली, आणि १८५३ ते १८५६ या काळात तिचा कारखाना खुद्द लंडनमध्ये पिम्लिकोत चालला. तिला ॲडम्सच्या इंग्रजी रिव्हॉल्व्हरची स्पर्धा होती. १८५७च्या उठावात आपल्याकडच्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या कमरेला या दोन्ही जाती होत्या. पुढे धातूची काडतुसे आली आणि केप (घोडा आपटताच ठिणगी देणारी छोटी टोपी) लावून उडवायची रिव्हॉल्व्हर कपाटात गेली.

ती बाहेर आली १९५०च्या दशकाच्या अखेरीला. अमेरिकन यादवी युद्धाची शताब्दी १९६१ ते १९६५ अशी साजरी होणार होती आणि जुन्या पद्धतीने नेम धरणाऱ्यांना उडवण्याजोगी शस्त्रे हवी होती. इटलीत ब्रेशियाजवळच्या व्हाल त्रोम्पिया या खोऱ्यातल्या गार्दोने गावात शतकानुशतके बंदुका घडत आल्या आहेत. तिथल्या कारागिरांनी कोल्टच्या १८५१च्या नेव्ही नमुन्याची नक्कल केली आणि तेव्हापासून जगातल्या बहुतेक प्रतिकृती त्याच खोऱ्यातून येतात. जुनी प्रतिकृती विकत घेताना नळीवरचे आणि सांगाड्यावरचे इटालियन शिक्के आधी पाहावेत. ‘पीएन’ म्हणजे काळ्या दारूवर चाचणी झाल्याची खूण. शेजारच्या चौकटीत सालाचा संकेत असतो, १९७४पर्यंत रोमन आकड्यांत आणि १९७५पासून अक्षरांत. पेटीवरच्या सालावर मात्र विसंबू नये. ‘१८५८’ म्हणून विकली जाणारी रेमिंग्टन ही १८६३ नंतरच्या नमुन्याची नक्कल आहे. १८५८ हे नळीवर कोरलेले पेटंटचे साल.

आता मुख्य गोष्ट. १३ मार्च १९९६ रोजी स्कॉटलंडमधल्या डनब्लेन गावच्या प्राथमिक शाळेत एका माणसाने १६ मुले आणि त्यांच्या शिक्षिकेला गोळ्या घातल्या. त्याची पिस्तुले परवान्याची होती. चौकशी अहवालाचा रोख ज्यांतून लागोपाठ अनेक गोळ्या सुटतात अशा हातशस्त्रांवर होता. सरकार त्याच्याही पुढे गेले. १९९७च्या सुरुवातीच्या कायद्याने ०.२२ इंचापेक्षा रुंद नळीच्या सगळ्या पिस्तुलांवर बंदी आली, निवडणुकीनंतर आलेल्या नव्या सरकारने त्याच वर्षी ०.२२ची पिस्तुलेही त्यात घातली. लोकांनी दीड लाखाहून जास्त पिस्तुले पोलिसांकडे जमा केली.

बंदीसाठी निवडलेले माप साधे आहे. नळी ३० सेंटिमीटरपेक्षा आखूड, किंवा एकूण लांबी ६० सेंटिमीटरपेक्षा कमी, तर शस्त्र निषिद्ध. त्याला अपवाद ठेवले हवेच्या बंदुकीचे, इशाऱ्याच्या पिस्तुलाचे आणि ‘मझल लोडिंग गन’चे, म्हणजे आपल्या ठासणीच्या बंदुकीचे. कोकणात ठासणीची बंदूक म्हटले की तोंडातून दारू ओतून गजाने ठासायची लांब नळीची बंदूक डोळ्यांपुढे येते. रिव्हॉल्व्हर तशी नाही. तिच्या नळीच्या तोंडातून काहीच भरत नाहीत. दारू आणि गोळी नळीमागच्या फिरत्या चक्राच्या कप्प्यांत पुढच्या बाजूने जाते आणि नळीखालची दांडी ती दाबते. कायद्याने नुसते ‘नळीच्या तोंडाकडून’ एवढेच म्हटले असते तर प्रत्येक केपचे रिव्हॉल्व्हर त्या वर्षी भट्टीत गेले असते. व्याख्येत मात्र असे आहे की सुटी दारू आणि वेगळी गोळी ‘नळीच्या किंवा चेंबरच्या’ (म्हणजे कप्प्याच्या) तोंडाकडून भरण्यासाठी बनवलेली ती ठासणीची बंदूक. ‘किंवा चेंबरच्या’ या दोन शब्दांवर एका अख्ख्या खेळाचा जीव टिकला.

यावरचा वाद आजही संपलेला नाही. आक्षेप असा की भरलेल्या चक्रातल्या सहा गोळ्या काडतुसांच्या रिव्हॉल्व्हरइतक्याच लवकर सुटतात, मग अहवालाच्या रोखाचे काय झाले? आक्षेप पोकळ नाही. पण सहा बार झाल्यावर काय होते तेही पाहायला हवे. प्रत्येक कप्प्यात दारू मोजून ओतायची, गोळी ठेवायची, दांडीने दाबायची, मग मागे एकेक केप बसवायची. सरावलेल्या हातालाही यात मिनिटे जातात. माझ्या मते रेषा योग्य ठिकाणी ओढली गेली. जिथे ती ढिली पडू शकली असती तिथे ती घट्टही आहे. जादा चक्र ठेवायचे तर त्याची परवान्यावर नोंद लागते, आणि काडतुसे घेणारे चक्र बसवले की तेच रिव्हॉल्व्हर निषिद्ध ठरते.

व्याख्येत दारूचा रंग सांगितलेला नाही, आणि तिथूनच पुढचा गुंता सुरू झाला. स्टीलच्या आधुनिक रिव्हॉल्व्हरचे चक्र बदलून, मागे शॉटगनच्या काडतुसाचा प्रायमर (ठिणगी देणारा भाग) बसेल अशी सोय करून, पुढून बिनधुराची दारू सुटी भरायची, अशी शस्त्रे निघाली. शब्दशः तीही ठासणीचीच. दुसऱ्या काहींनी नळी ३० सेंटिमीटरची करून मुठीमागे लांब दांडा जोडला आणि ६० सेंटिमीटर भरवले. दोन्ही कायदेशीर आहेत. धुराच्या खेळावर जीव असलेल्या माझ्यासारख्यांना ती रुचत नाहीत, पण १९९७ मध्ये ज्यांचा खेळ हातातून गेला त्यांनी शोधलेली वाट म्हणून ती समजते.

खरेदीतली सर्वांत मोठी गफलतही कायद्यातूनच येते. १८६०ची अस्सल रिव्हॉल्व्हर भिंतीवर शोभेला ठेवायची तर परवाना लागत नाही. उडवायची ठरवली की लागतो. कालपरवा बनलेल्या प्रतिकृतीला तो पहिल्या दिवसापासून लागतो. त्यासाठी मान्यताप्राप्त क्लबात आधी उमेदवारी करावी लागते. काळ्या दारूला स्फोटकांचे वेगळे प्रमाणपत्र, आणि ती ठेवायला कप्प्यांची लाकडी पेटी.

इटलीहून आलेले रिव्हॉल्व्हर पेटीतून काढून थेट स्पर्धेला नेले तर सहसा निराशा होते. ०.४४ म्हणवणाऱ्या रिव्हॉल्व्हरला ०.४५१ किंवा ०.४५४ इंचाची गोळी लागते. ती दाबताना कडेने शिशाची बारीक अंगठी सोलून निघाली तर कप्पा नीट बंद झाला. अनेक प्रतिकृतींत कप्प्याचे तोंड नळीच्या खाचांपेक्षा अरुंद असते, त्यामुळे गोळी नळीत सैल जाते; म्हणून जाणकार कप्पे किंचित रुंद करून घेतात. निपल (ज्यावर केप बसते ती बारीक नळी) बदलून केप चपखल बसेल असे करणे हे दुसरे काम. कोल्टच्या नमुन्यात फुटलेल्या केपचे तुकडे घोड्याखाली पडून चक्र अडकते, हा त्या नमुन्याचा जन्मजात दोष. रेमिंग्टनचा सांगाडा वरून बंद असल्याने ती नेमासाठी जास्त पसंत केली जाते.

पहिल्यांदा शेजारच्या नेमबाजाची पेटी उघडी पाहिली तेव्हा त्यात पातेल्यातला असावा तसा बारीक रवा होता. विचारल्यावर कळले की नेमासाठी दारू १५–२० ग्रेनच (ग्रेन हे वजनाचे बारीक माप) घालतात. मग कप्प्यात उरलेल्या पोकळीमुळे गोळी आत खोल बसते आणि नळीत शिरेपर्यंत भरकटते. म्हणून दारूवर रवा घालून गोळीला तोंडापर्यंत वर आणायचे. वर चरबीचा थर, म्हणजे एका कप्प्याची ठिणगी शेजारच्या कप्प्यात जात नाही. आंतरराष्ट्रीय नियमाने ३० मिनिटांत १३ बार काढायचे असतात, त्यांतले सर्वोत्तम १० धरतात. घरी आल्यावर नळी आणि चक्र गरम पाण्याने धुवून तेल लावावे लागते, नाहीतर सकाळपर्यंत गंज चढतो.