रसात पाणी घातलं की साखर निम्मी होते, आंबटपणाचं काय?

जून 2024 मध्ये एफएसएसएआयनं, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा नियामक संस्थेनं, पाकिटांवरचा 'शंभर टक्के फळांचा रस' हा दावा काढायला लावला. पाण्यानं पुन्हा पातळ केलेल्या आटीव रसाला तो शोभत नव्हता. साखर मात्र होती तिथंच आहे. 'साखर घातलेली नाही' असं छापलेल्या संत्र्याच्या किंवा सफरचंदाच्या रसातही 100 मिलीला सुमारे 10 ग्रॅम साखर असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते अशी मोकळी साखर दिवसाला 25 ग्रॅमच्या आत राहिलेली बरी.

तेव्हा घरी आणखी पाणी घालणं शहाणपणाचंच. 100 मिली रस, 100 मिली पाणी. ग्लासमागे साखर 20 वरून 10 ग्रॅमवर येते आणि लिटरचं पाकीट पाचऐवजी दहा ग्लासांना पुरतं. मात्र 200 मिली रसात 200 मिली पाणी घालून सगळं प्यायलात, तर साखर पोटात तेवढीच गेली. आंब्याच्या 'ड्रिंक'ची गोष्ट वेगळी. त्यात 10 टक्के फळ असलं तरी कायद्याला चालतं, म्हणजे पाणी घालायचं काम कंपनीनं आधीच उरकलेलं असतं.

आता आम्लता. संत्र्याच्या रसाचा सामू, म्हणजे पीएच, साधारण 3.7 असतो; आकडा जितका लहान, तितकी आम्लता जास्त. दुप्पट पातळ केल्यावर तो जेमतेम 3.8 होतो. सामूची पट्टी लॉगरिदमची, म्हणजे दर अंकाला दहापटीचा फरक असलेली, असल्यानं हायड्रोक्लोरिक आम्लसुद्धा दुप्पट पातळ केलं तर फक्त 0.3 नं सरकतं. रसात त्याहूनही कमी, कारण सायट्रिक आम्ल दुर्बल आहे. त्याचे बरेचसे रेणू हायड्रोजन धरून बसलेले असतात, आणि फळातलं पोटॅशियम सायट्रेट सोबतीला असतं. सामू ठरतो तो आम्ल आणि सायट्रेट यांच्या गुणोत्तरावर:

सामू = pKa + log (सायट्रेट ÷ आम्ल)

यातला pKa हा त्या आम्लाचा ठरलेला आकडा. पाण्यानं सायट्रेट आणि आम्ल दोन्ही निम्मे होतात, गुणोत्तर तेच राहतं. सामू असा टिकवून धरणारं मिश्रण म्हणजेच बफर. दातांचं एनॅमल साधारण 5.5 च्या खाली विरघळू लागतं, त्यामुळे पातळ रसही दातांना आम्लच. फायदा एवढाच, की एकूण आम्ल निम्मं झाल्यानं लाळेतलं बायकार्बोनेट ते लवकर आवरतं. तासभर घोट घोट घेत बसलात, तर तोही गेला.

इथं 'अल्कलाइन' पाणीवाले पुढे सरसावतात. सामू 9 च्या पाण्यात आम्ल मारणारं हायड्रॉक्साइड असतं लिटरला 0.00001 मोल (मोल हे रेणू-आयन मोजायचं एकक), तर लिटरभर संत्र्याच्या रसातलं आम्ल मारायला 0.1 मोलहून अधिक लागतं. साधं नळाचं पाणी उकळून, गार करून घाला.

पाणी ग्लासातच मिसळा, पाकिटात नको. पाकिटातला रस पाश्चरीकृत असतो. बाहेरच्या पाण्याबरोबर आणि भांड्याबरोबर यीस्ट आत जातं. त्याला हा आंबटपणा मानवतो, साखर निम्मी असली तरी भागतं. मिसळलेला रस उरलाच तर झाकून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा. बुडबुडे दिसले किंवा झाकण उघडताना फस्स झालं, तर चव न घेता ओतून द्या.